पंप गेला म्हणायच्या आधी धुराडं बघा



आज जरा कडू लिहितोय, पण लिहायलाच पाहिजे.

पेरणीचे दिवस आले की आपल्याकडं एक वाक्य फार ऐकू येतं. जुना ट्रॅक्टर सेल्फ घेतो पण उठत नाही. नाहीतर विहिरीवरचं इंजिन हँडल मारून मारून खांदे निखळले तरी धड एक ठोका देत नाही. चार माणसं गोळा होतात. एकजण कमरेवर हात ठेवून सांगतो, "पंप गेला." दुसरा मान हलवतो. तिसरा म्हणतो, "जुनं झालंय आता, भंगारात घाल." झालं निदान! टाकीचं झाकण अजून कोणी उघडलेलं नाही, धुराड्याकडं कोणी बघितलेलं नाही, पण पंप मात्र निकालात निघाला.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. नोझलच्या नळीपर्यंत डिझेल येतंय का, हे जोवर कोणी डोळ्यांनी बघितलं नाही, तोवर "पंप गेला" म्हणायचा हक्क कोणालाच नाही. फिटरला नाही, दुकानदाराला नाही, पारावरच्या जाणकाराला तर अजिबात नाही.

हा हट्ट कशासाठी? नगर तालुका पर्जन्यछायेतला. आपल्याला वाफसा मिळतो तो मोजून तीन-चार दिवस. तेवढ्यात मूग-बाजरी पेरली तर पेरली. पंप खोलून शहरात धाडला की ते दिवस तिथंच जातात. रब्बीत ज्वारी पोटरीत असताना एक पाणी चुकलं की कणीस भरत नाही, आणि लाईट तर रात्री कधी येईल तेव्हा येणार. म्हणजे चुकीच्या निदानाची किंमत पंपाच्या बिलावर संपत नाही. हंगाम जातो तो त्या बिलात कोणी लिहीत नाही.

इंजिनाला लागतं काय?

डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. 1897 साली जर्मनीत रुडॉल्फ डिझेलनं जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं तत्त्व आणि तुमच्या शेडमधल्या महिंद्रा बी-275 चं किंवा एचएमटी 2511 चं तत्त्व एकच. हवा दाबायची. जुन्या शेती इंजिनात ती साधारण 16-17 पट दाबली जाते. दाबली की तापते, 500 अंश सेल्सिअसच्या पुढं जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो.

म्हणजे लागतात तीनच गोष्टी. एक, इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे. दोन, आतली हवा घट्ट दाबली गेली पाहिजे. तीन, वेळेवर डिझेलचा चांगला फवारा पडला पाहिजे. चौथं काही नाही. इंजिन उठत नसेल तर या तिनातलं एक नाहीतर दोन नाहीत, एवढंच शोधायचं. हे शोधायला कॉम्प्युटर लागत नाही. दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, काचेची बाटली आणि साधा मल्टीमीटर, एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

जुन्या इंजिनाचं खरं मोल इथंच आहे. नव्या गाडीत सेन्सर बसला की तुम्ही-आम्ही हात टेकतो. जुनं इंजिन मात्र काय दुखतंय ते स्वतः सांगतं. आवाजातून सांगतं, धुरातून सांगतं. आपण ऐकत नाही.

पंपावरच का खापर फुटतं?

कारण पंपाच्या आतलं कोणाला दिसत नाही. फाटलेली रबरी नळी दाखवली तर शेतकरी म्हणेल, "एवढंच होतं? मग मजुरी कसली?" पंप म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. मायको पंपाचं काम बारकाईचं, त्याची टेस्ट बेंच वेगळी, बिल हजारांत. सगळे फिटर लबाड असतात असं मी म्हणत नाही. चांगला फिटर देवमाणूस असतो, आणि तो कधीच पंपापासून सुरुवात करत नाही. पण घाईत असलेला, नाहीतर शिकाऊ हात पाठवणारा गॅरेजवाला पंपच काढतो. पंप काढला की शेतकरी अडकला. अर्धं उघडं इंजिन दुसऱ्याकडं नेणार कसं?

यात एक गंमत होते, ती समजून घ्या. पंप खोलून, कॅलिब्रेशन करून परत बसवला की गाडी खरंच चालू होते. का? तर बसवताना सगळ्या नळ्या घट्ट आवळल्या, वायसर नवे घातले, फिल्टर बदलला, हवा काढली. दुखणं होतं ते वायसरचं, नाव झालं पंपाचं. शेतकरी दहा जणांना सांगतो, "पंपच गेला होता." पुढच्या वेळी ते दहाजण तेच सांगतात. अफवेला पावती मिळते ती अशी.

आधी फुकटाच्या गोष्टी

पाना हातात घ्यायच्या आधी पाच गोष्टी बघा. पाच मिनिटं लागतात.

1. बंद करायचा दांडा. जुन्या ट्रॅक्टरला इंजिन बंद करायला ओढायची तार असते. ती गंजून अर्ध्यात अडकते. वर खटका आत गेलेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर बंदच्याच जागी राहतो. हातानं लिव्हर हलवून बघा. काही रोटरी पंपांवर चावीच्या वायरवर चालणारा बंद-वॉल्व्ह असतो. चावी फिरवल्यावर त्याचा टक् आवाज आला पाहिजे. नाही आला तर वायर बघा, पंप नाही.

2. टाकी. काटा भरवशाचा नसतो. झाकण काढून काडी घालून बघा. गाडी उताराला उभी असेल तर डिझेल एका कडेला जातं आणि नळी कोरडी राहते.

3. टाकीच्या झाकणाचं भोक. ते मातीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, डिझेल खाली उतरत नाही. इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत मरत असेल तर झाकण ढिलं करा. सुस्स आवाज आला की समजा चोर सापडला.

4. टाकीखालचा कॉक. तो मुलांनी बंद केलेला असतो, नाहीतर तळाच्या गाळानं चोंदलेला असतो.

5. एअर फिल्टर. ऑइल बाथमध्ये चिखल झालाय का? शेडमध्ये वर्षभर उभ्या इंजिनाच्या हवेच्या तोंडात उंदरांची घरटी निघतात. थट्टा समजू नका, झाकण काढून बघा.

फौजेत गाडीची रोज तपासणी करतात, तिला फर्स्ट परेड म्हणतात. तेल, पाणी, पट्टा, गळती, बॅटरी, टायर. गाडी ठीक असली तरीही करतात. आपल्या भिंगारला छावणीचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रणगाड्यांची फौज जिथं शिकते ते आर्मर्ड कोरचं केंद्र आपल्या दाराशी. नगर भागात अशा गाड्यांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसं राहतात. त्यांच्याकडून एवढी एक सवय जरी आपण उचलली असती तरी निम्मी गॅरेजची वारी वाचली असती.

आता कान लावा

सेल्फ मारा आणि ऐका. इंजिन रडत-रडत फिरतंय का? मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी पाहिजेत. हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती खाऊन टाकतात आणि फवारा पडूनही पेटत नाही. पौष-माघातल्या गार सकाळी हेच होतं. दुपारी तीच गाडी एका सेल्फला उठते. मग रात्रीत पंप खराब होऊन दुपारी बरा झाला का?

बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊ-दहाच्या खाली गेली तर बॅटरी थकली, नाहीतर सेल्फ जास्त ओढतोय. बॅटरी चांगली असूनही फिरत नसेल तर अर्थिंग बघा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं घासा, घट्ट बसवा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा. एवढ्यावर उठलेल्या गाड्या थोड्या नाहीत.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका. मधे मिनिटभर थांबा. नाहीतर दुखणं राहिलं बाजूला आणि सेल्फच जळायचा.

एक धोक्याची खूण. बॅटरी भरलेली आहे, आणि इंजिन ठक्क करून जागच्या जागी अडतं. तिथंच थांबा. सिलिंडरमध्ये पाणी नाहीतर डिझेल साठलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रेडिएटरचं पाणी कमी झालंय का, तेलाच्या काडीला दुधाळ तेल लागतंय का ते बघा, आणि इथं मात्र फिटरला बोलवा.

धुराडं खोटं बोलत नाही

इंजिन चांगलं फिरतंय, पण उठत नाही. आता एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं धुराड्याकडं बघायचं. सगळ्या तपासणीचा गाभा हाच.

धूर अजिबात नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. टाकीपासून नोझलपर्यंतची वाट तपासा.

पांढरा धूर, डिझेलचा वास: डिझेल पोचतंय, फवारतंय, पण पेटत नाही. म्हणजे पंप आपलं काम करतोय! आता गार इंजिन, कमी फेरे, कमी दाब, चुकलेलं टायमिंग, नाहीतर गळकं नोझल, यातलं काहीतरी.

काळा धूर: डिझेल आहे, हवा कमी. एअर फिल्टरकडं जा.

पांढरा धूर निघत असताना जो पंप काढायला सांगेल, त्याला हात जोडून घरी पाठवा.

हवा धरली

धूर नसेल तर सगळ्यात आधी संशय हवेचा. डिझेलच्या वाटेत हवा अडकली की पंप ती हवाच दाबत बसतो. हवा दबते आणि परत फुगते. नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो, तो तयारच होत नाही. पंप चांगला, नोझल चांगलं, इंजिन चांगलं, आणि गाडी ढिम्म.

लोक म्हणतात, "कुठंच गळत नाही, मग हवा कुठून येणार?" अहो, टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढली जाणारी असते. त्या नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत ओढली जाते. तडकलेली रबरी नळी, ढिलं क्लिप, बँजो बोल्टाखालचं दबून गेलेलं तांब्याचं वायसर, पाणी वेगळं करणाऱ्या काचेच्या वाटीचं कडक झालेलं रबर. चोर इथं बसलेले असतात. संशय असेल तर त्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावा. बुडबुडे पळताना दिसतात. इतका साधा, इतका खरा पुरावा दुसरा नाही.

हवा काढायची पद्धत, क्रमानं:

टाकीत डिझेल भरपूर ठेवा, कॉक उघडा. वाटीतलं पाणी-गाळ काढा. एका काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेऊन पंधरा मिनिटं उभं ठेवा. तळाला वेगळा थर बसला तर ते पाणी आहे, आणि मग टाकी रिकामी करून धुण्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करा. फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर. मग पंपावरचा स्क्रू. क्रम मोडायचा नाही. टाकीकडून नोझलकडं जायचं.

शेवटी नोझलवरच्या नळ्यांचे नट एक-दीड आटा ढिले करा. थ्रॉटल पूर्ण द्या, बंद-दांडा चालूच्या जागी ठेवा, आणि सेल्फ मारा. तोंड लांब ठेवा, नळीवर फडकं टाका. प्रत्येक नळीतून डिझेल उचकी दिल्यासारखं टप्प्याटप्प्यानं आलं की नट आवळा. इंजिन उठतं.

एक गोष्ट जिवाची. चालू इंजिनाच्या नळीला किंवा नोझलच्या फवाऱ्याला हात लावून बघू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो. बाहेर सुईएवढं भोक दिसतं, आत बोट सडतं. तसं झालं तर हळद लावून बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "डिझेल दाबानं आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

आता पंपाचा निकाल लावा

इथं येऊन पंपावर बोलायचा हक्क मिळतो. पंपापर्यंत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं डिझेल पोचतंय, बंद-लिव्हर मोकळा आहे, थ्रॉटल पूर्ण आहे, आणि नट ढिले करूनही एकाही नळीला डिझेल येत नाही. हं, आता पंपावर संशय घ्या. बरेच महिने उभ्या इंजिनात पंपाची रॅक चिकटून बसते, तेही असू शकतं. एकाच नळीला येत नाही आणि बाकीच्यांना येतं, तर पंपाच्या त्या एका भागाचं काम आहे. सगळ्या नळ्यांना जोरात येतंय, तर पंपाला सोडा, पुढं चला.

पंपाचं पोट मात्र स्वतः उघडू नका. आतले भाग केसापेक्षा बारीक मापानं बसवलेले असतात. रॅक चुकून पूर्ण डिझेलवर अडकली तर इंजिन सुसाट पळतं आणि आवरत नाही. ते काम टेस्ट बेंचवाल्याचं. पण तिथं न्यायच्या आधी वरची परीक्षा तुमच्यासमोर झाली पाहिजे.

दाब आणि हँडलचं इंजिन

विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनात दाब तपासणं सगळ्यात सोपं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 ची, पुण्याजवळ खडकीची. त्यांची इंजिनं आणि 650 फेऱ्यांची लिस्टर पद्धतीची संथ इंजिनं आपल्या विहिरींवर पिढ्या राबली. ती घरची माणसंच चालवायची, हवाही घरीच काढायची. ट्रॅक्टरला चावी आली आणि हे ज्ञान आपण चावीबरोबर खिशात टाकून विसरलो.

दाब सोडायचा लिव्हर खाली ठेवून हँडल हळू फिरवा. दट्ट्या वर येताना हँडलनं तुम्हाला अडवलं पाहिजे, उसळून मागं ढकललं पाहिजे. हँडल पाण्यात फिरवल्यासारखं सहज गेलं तर दाब नाही. आधी टॅपेट बघा. टॅपेटला फट उरली नसेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही. मग हवेच्या वाटेनं चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, दाब सोडून चार-पाच फेरे मारा, परत तपासा. दाब आला तर रिंगा-लायनर झिजलेत. नाही आला तर वॉल्व्ह किंवा हेडचं गॅस्केट. चमच्याचा तांब्या करू नका, वर सांगितलंच की पातळ पदार्थ दबत नाही.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. इंजिन उलटं मारलं तर विळख्यातलं मनगट मोडतं. उपरणं, ओढणी, मफलर काढून ठेवा. पट्ट्यानं ओढलं की माणूस ओढला जातो.

हे उद्योग बंद करा

एक, हवेच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारणं. तो डिझेलच्या फार आधी पेटतो. दट्ट्या वर यायच्या आतच स्फोट होतो, रिंगा तुटतात, दट्ट्याला तडे जातात. हीटर असलेल्या इंजिनात तर तोंडावर भडका उडतो. आणि एकदा सवय लागली की "आमची गाडी स्प्रेशिवाय उठत नाही." ती गाडी स्प्रेला चटावलेली नसते. तिचं मूळ दुखणं तुम्ही झाकून ठेवलेलं असतं.

दोन, पेट्रोलचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरणं, नाहीतर खाली जाळ करणं. शेजारी डिझेलची टाकी, कडबा, गंजी. एका पाण्यासाठी घर जाळायचं का?

तीन, ओढून चालू करणं. बॅटरी बसली असेल तर समजू शकतो. पण हवा धरलेली असेल तर भिंगारहून पाथर्डीपर्यंत ओढत न्या, इंजिन उठणार नाही. ते उठत का नाही, हे न विचारता दोरखंड बांधणारे आपण. दोर तुटून सपकन बसला तर माणूस जायबंदी होतो.

"शेतकऱ्यानं हात लावला की बिघडतं"

हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. उगाच स्क्रू पिळणारा माणूस फिटरपेक्षा महाग पडतो. म्हणून सीमा आखून घ्या. टाकी, नळ्या, फिल्टर, हवा, बॅटरी, अर्थिंग, एअर फिल्टर, हे आपलं. पंपाचं पोट, नोझलचा दाब, टायमिंग, हेड, हे फिटरचं. पण जे आपलं आहे तेही न बघता फिटरच्या दारात जाणं हा काही शहाणपणा नाही. डॉक्टरकडं गेल्यावर कुठं दुखतं ते आपणच सांगतो ना? "फेरे चांगले आहेत, धूर नाही, फिल्टरपर्यंत धार येते, पुढं येत नाही," असं सांगणाऱ्या माणसाला कोणी सहजासहजी फसवत नाही. आणि चांगल्या फिटरला असा गिऱ्हाईक आवडतो.

"जुनं म्हणजे भंगार" म्हणणाऱ्यांनाही सांगतो. इंजिन झिजतं, कबूल. रिंगा-लायनर गेले, तेल पितंय, दाब नाही, तर हिशोब मांडा आणि परवडत नसेल तर खुशाल विका. पण एका रबरी नळीपायी चालतं इंजिन भंगाराच्या काट्यावर घालून नव्या ट्रॅक्टरचा हप्ता गळ्यात बांधून घेणं, याला प्रगती म्हणू नका. वय हे दुखणं नसतं. दुखण्याला नाव असतं, आणि ते सापडतं.

कृषीवाल्या मंडळींना

हे पान वाचणारे बरेच कृषी पदवीधर, सल्लागार, खात्यातली माणसं आहेत. राग मानू नका. तुम्ही बियाणं सांगता, खताची मात्रा सांगता, फवारणीचा दिवस सांगता. पण पेरणी चार दिवस लांबली ती वाणामुळं नाही, ट्रॅक्टर उठला नाही म्हणून, हे तुमच्या कुठल्या तक्त्यात बसतं? पीक प्रात्यक्षिकं होतात, शेतीशाळा होतात. त्यात इंजिनाचा एक तास का नाही? आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तिथंच डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. गावात एक जुनं इंजिन मधे ठेवा, मुद्दाम हवा धरवा, आणि पोरा-पोरींकडून ती काढून घ्या. एका दुपारचं काम आहे. पुस्तिका वाटण्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

आणि शेतकरी मंडळींनो, तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात.

पहिली, इंजिन चालू स्थितीत असतानाच घरातल्या दोघांनी तरी हवा काढायला शिका. अडल्या वेळी अंधारात शिकता येत नाही. शेडच्या भिंतीवर खडूनं क्रम लिहा: दांडा, टाकी, झाकण, कॉक, फिल्टर, फेरे, धूर, हवा, नळ्या.

दुसरी, गॅरेजवर पंप काढायच्या आधी शांतपणे विचारा, "भाऊ, नळीला डिझेल येत नाही, ते मला दाखव." दाखवलं तर बिनघोर काढू द्या, आणि काम झाल्यावर पैसे मोजताना घासाघीस करू नका. दाखवत नसेल तर पाना खाली ठेवायला सांगा.

कारण आधी, पाना नंतर. एवढं ठरवलं तरी यंदाच्या वाफशाला निम्मे ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात नाही, रानात दिसतील.